टेबलावरची खाण, मीटरवरचा ताण

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. दोन वर्षांपूर्वी तो एसआयपीवर लेक्चर द्यायचा, मग ऑप्शन ट्रेडिंगवर घसरला आणि हल्ली कॅन्टीनमध्ये कटिंग हातात घेऊन हळूच विचारतो, 'घरी एक मायनिंगचं मशीन बसवावं म्हणतोय. सेकंड हँड मिळतंय. काय वाटतं?' बाजूचे चौघे लगेच कान टवकारतात. झोपेत पैसे कमावणारं मशीन कोणाला नको असतं? एचआरचा मेल नाही, अप्रेझल नाही, बॉसची कटकट नाही. नुसता प्लग लावा आणि बिटकॉइन मोजत बसा!

तर मंडळी, या आठवड्यात त्या प्लगपासूनच सुरुवात. मशीन कुठलं, लावायचं कसं, बंद पडलं तर काय बघायचं आणि महिन्याच्या शेवटी लाइट बिल आल्यावर घरात तोंड कसं दाखवायचं. माझं मत आधीच सांगून टाकते. मोठं मशीन फ्लॅटमध्ये आणू नका. छोटं खुशाल आणा, मजा येते. का, ते पुढे.

आकडा लावायचा धंदा

मायनिंग म्हणजे 'अवघड गणितं सोडवणं' असं जिथेतिथे छापून येतं. गणित अवघड नाही हो, कंटाळवाणं आहे. मशीन एक आकडा धरतं, व्यवहारांच्या गठ्ठ्याला जोडतं, त्याचा हॅश काढतं आणि उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या खाली आलं का ते बघतं. नाही आलं? पुढचा आकडा. सेकंदाला अब्जावधी वेळा हेच. सरळ मराठीत सांगायचं, तर आकडा लावणं! जगभरात मिळून साधारण दर दहा मिनिटांनी कोणा एकाचा लागतो आणि त्याला नवे ३.१२५ बिटकॉइन मिळतात, वर त्या गठ्ठ्यातली फी. २००९ मध्ये हेच बक्षीस ५० बिटकॉइनचं होतं. दर चार वर्षांच्या आसपास ते निम्मं होतं. मागचा कट एप्रिल २०२४ मधला.

यातली खरी गोम वेगळीच आहे. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क स्वतःच काठिण्यपातळी बदलतं. इतरांनी मशीन्स दुप्पट केली तरी जगात बिटकॉइन तेवढेच निघतात. तुमचा वाटा मात्र निम्म्यावर येतो. तुम्ही काहीही चूक न करता!

म्हणूनच सुरुवातीच्या काळात साध्या कम्प्युटरवर जे जमायचं ते आज लॅपटॉपवर जमत नाही. आधी ग्राफिक्स कार्डं आली, मग २०१३ पासून फक्त हेच एक काम करणाऱ्या चिप्स आल्या. त्यांना एसिक म्हणतात. ग्राफिक्स कार्डांवर पुढे बरीच वर्षं इथेरियमचं मायनिंग चाललं, २०२१ मध्ये गेमिंगवाल्या पोरांना कार्डं मिळेनात ती त्यामुळेही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि तो खेळ संपला. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर कोणी 'मायनिंग रिग' म्हणून सहा कार्डांचा सांगाडा गळ्यात मारायला बघत असेल, तर चहा पिऊन परत या. आणि हो, ऑफिसच्या लॅपटॉपवर 'ट्राय' करून बघायचा विचार मनात असेल, तर तो आजच सोडा. मिळणार काहीच नाही, आयटीवाल्यांच्या स्क्रीनवर नाव मात्र झळकेल.

कॅल्क्युलेटर काढा

हिशेब सोपा व्हावा म्हणून एक बिटकॉइन १ कोटी रुपयांचा धरू. गोल आकडा मुद्दाम घेतलाय, त्या दिवशीच्या भावाप्रमाणे कमी-जास्त करा. एका बिटकॉइनमध्ये १० कोटी सातोशी, म्हणजे एक सातोशी दहा पैशांचा. नेटवर्कची एकूण ताकद एक झेटाहॅश धरू, २०२५ मध्ये ती त्या आसपास पोचली होती. आपल्या मशीन्सची ताकद टेराहॅशमध्ये मोजतात. एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्न. ऐकायला भारी वाटतं ना? एका झेटाहॅशमध्ये असे शंभर कोटी टेराहॅश असतात.

आता तो कॅन्टीनवाला मित्र ज्या सेकंड हँड मशीनबद्दल बोलतो, ते बहुतेक वेळा अँटमायनर एस९ असतं. २०१६ चं मॉडेल. साधारण साडेतेरा टेराहॅश आणि १३५० वॉट. नेटवर्कमधून दिवसाला ४५० नवे बिटकॉइन निघतात, त्यातला याचा वाटा सुमारे ६०८ सातोशी. म्हणजे ६१ रुपये. आणि वीज? दिवसाला ३२.४ युनिट. घरगुती युनिट सरासरी बारा रुपयांना पडलं असं धरलं, तर ३८९ रुपये. एकसष्ट मिळवण्यासाठी तीनशे एकोणनव्वद! रोज!!

'जुनं मशीन आहे ना, म्हणून,' असं म्हणाल. मग नवं घ्या. एस२१ सारखं मशीन २०० टेराहॅश देतं आणि साडेतीन हजार वॉट खातं. मिळकत ९०० रुपये, वीज ८४ युनिट म्हणजे १००८ रुपये. तरी तोटाच. त्यात मशीनची किंमत धरलेलीच नाही. शिवाय महिन्याला अडीच हजार युनिट म्हणजे तुम्ही पाचशेच्या वरच्या स्लॅबमध्ये कायमचे राहायला गेलात. मुंबईत बेस्ट असो, अदानी असो, टाटा असो की बाकी राज्यात महावितरण, वरच्या स्लॅबचा दर बारा रुपयांवर थांबेल या भरवशावर राहू नका. घरगुती कनेक्शनवर धंदा चालवताय असं वीज कंपनीला वाटलं, तर वेगळ्या दराचं आणि दंडाचं लचांड मागे लागू शकतं, ते निराळंच.

हा धंदा करणारे करतात, पण ते वीज जिथे स्वस्त तिथे जातात. २०२१ मध्ये चीनने बंदी घालेपर्यंत सिचुआनमधल्या धरणांच्या आसपास मशीन्सच्या शेडच्या शेड होत्या. नंतर बरीचशी अमेरिकेत टेक्ससकडे गेली. भूतानचं सरकारही स्वतःच्या जलविद्युतवर हे करतं. तुमच्या वन बीएचकेची स्पर्धा त्यांच्याशी आहे, हे एकदा डोक्यात ठेवलं की बरीच हवा निघून जाते.

उरलीसुरली हवा इन्कम टॅक्स काढतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. आणि मार्च २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत स्पष्टच केलं की मायनिंगसाठी उभारलेल्या साधनसामग्रीचा खर्च 'खरेदी किंमत' म्हणून धरता येणार नाही. थोडक्यात, मशीनचे पैसे तुमच्या खिशातून आणि जे काही मिळेल त्यावर टॅक्स. रिटर्न भरताना सीएला अंधारात ठेवू नका, प्लीज.

मग 'तुम्ही पैसे द्या, मशीन आमच्याकडे, दरमहा परतावा तुम्हाला' असं सांगणारे कुठून आणतात? याचं उत्तर पुण्याला तरी नव्याने सांगायला नको. २०१५ च्या सुमाराला सुरू झालेली गेनबिटकॉइन नावाची स्कीम मायनिंगच्याच नावावर विकली गेली. दरमहा १० टक्के, तेही १८ महिने. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी त्यांच्याच एका टोकनमध्ये मिळायला लागला. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली, त्याचं २०२२ मध्ये निधन झालं, तपास सीबीआयकडे गेला. यात शिकलेसवरलेले, आयटीत काम करणारे लोकही होते. वर केलेला हिशेब त्यांच्यापैकी कोणी एका रविवारी मांडला असता तर? काठिण्यपातळी दर दोन आठवड्यांनी बदलते, बक्षीस चार वर्षांनी निम्मं होतं, भाव रोज हलतो. अशा धंद्यात दरमहा ठरलेले दहा टक्के कोण देऊ शकतो, तुम्हीच सांगा.

तरीही मोठं आणलंच, तर

काही लोक ऐकत नाहीत. कोणाला आपल्या पैशाने शिकायचं असतं, कोणाचं गावाकडे सोलर लावलेलं मोकळं घर असतं. त्यांच्यासाठी थोडक्यात.

सगळ्यात आधी वायरमनला बोलवा. यूट्यूबला नाही, वायरमनला! एस९ सतत सहा अँपिअरच्या आसपास करंट ओढतं. आपल्याकडचा छोटा थ्री-पिन पॉइंट सहा अँपिअरचाच असतो. म्हणजे मोबाइल चार्जरच्या सॉकेटला हे लावणं म्हणजे सॉकेट वितळायची वाट बघणं. मोठा, सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, त्यावर स्वतंत्र एमसीबी हवा, नीट अर्थिंग हवं आणि मधे एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्पाइक बस्टर अजिबात नको. एस२१ तर सलग पंधरा अँपिअर मागतं. गीझर दोन हजार वॉटचा असतो, पण तो पंधरा मिनिटं चालतो. हे चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस. जुन्या बिल्डिंगमधल्या वायरिंगची परीक्षा कधी घ्यायची नसते, विशेषतः वरच्या मजल्यावर आजी-आजोबा राहत असतील तर.

दुसरं, उष्णता. मशीन जेवढी वीज खातं तेवढी सगळी गरमी बाहेर टाकतं. युरोप-अमेरिकेतली काही मंडळी जुनी एस९ हिवाळ्यात रूम हीटर म्हणून वापरतात, त्यांचं जमतं. आपण मे महिन्यात रूम हीटर लावून वर एसी चालवायचा? एसीचं बिल परत वेगळं!

तिसरं, आवाज. पंचाहत्तर डेसिबलच्या आसपास. शेजारच्या घरात मिक्सर लागलाय आणि तो बंदच होत नाहीये, अशी कल्पना करा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नाव त्याच रात्री येणार. आणि तिघांत फ्लॅट शेअर करत असाल, तर लाइट बिलाचे तीन भाग करायची पद्धत त्या महिन्यापासून बंद होते. नीट बोलून घ्या आधी. मीटर घरमालकाच्या नावावर असेल तर त्याच्याशीही. मैत्री वीस हजाराच्या बिलापेक्षा महाग आहे.

सेकंड हँड एस९ सुरू केल्यावर पहिल्यांदा काय बघायचं? त्याला वायफाय नसतं, लॅनची केबल राउटरला जोडा आणि राउटरच्या यादीतून त्याचा आयपी ॲड्रेस शोधा. पान उघडलं की जुना मालक कुठल्या पूलला जोडलेला होता ते दिसेल. हे महत्त्वाचं आहे, कारण ते बदललं नाही तर वीज तुमची आणि सातोशी त्याचे! फॅक्टरी रीसेट करा, शक्य असेल तर फर्मवेअर नव्याने टाका, पासवर्ड बदला. कंपनीतून येणारा पासवर्ड अख्ख्या जगाला माहीत आहे.

आत तीन हॅश बोर्ड असतात, प्रत्येकावर ६३ चिप्स. स्टेटसच्या पानावर प्रत्येक चिपसाठी एक छोटा गोल दिसतो, मेलेल्या चिपच्या जागी फुली. आकडा साडेतेराऐवजी नऊच्या आसपास दिसत असेल, तर एक बोर्ड गायब आहे असं समजा. घाबरू नका. मशीन बंद करा, प्लग काढा, थोडा वेळ थांबा, मग कंट्रोल बोर्डाकडून येणारी पट्टीसारखी केबल काढून परत घट्ट बसवा. तरी नाही? चांगल्या बोर्डाची केबल यावर लावून बघा. दोष केबलबरोबर फिरला तर केबल बदला, बोर्डापाशीच राहिला तर बोर्ड गेला. पॉवर सप्लायच्या सहा पिनांच्या वायर्स एकेक हलवून बघा, काळपट किंवा पिवळा पडलेला कनेक्टर दिसला तर तो वापरूच नका. एका बोर्डाच्या तिन्ही वायर्स एकाच सप्लायवरून यायला हव्यात, हेही लक्षात ठेवा. पंख्यात साचलेली धूळ हा आपल्याकडचा नंबर वन रोग. ब्लोअरने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून बिघडतो.

आता माझं आवडतं

बिटॲक्स. तळहातावर मावेल एवढं, ओपन सोर्स, एकच एसिक चिप असलेलं मशीन. गॅमा नावाचं मॉडेल साधारण १.२ टेराहॅश देतं आणि पंधरा ते अठरा वॉट खातं. एका मोठ्या एलईडी बल्बएवढं! महिन्याला तेरा युनिट. आपल्या हिशेबाने दिवसाला ५४ सातोशी, म्हणजे पाच रुपये चाळीस पैसे. वीज पाच रुपये वीस पैसे. नफा वीस पैसे, चहासुद्धा नाही. पण नुकसानही नाही, आवाज टेबल फॅनएवढा, आणि समोर टेबलावर बसून मायनिंग म्हणजे नेमकं काय ते रोज दाखवतं.

लावायची पद्धत सोपी आहे. बरोबर आलेला ॲडॉप्टर लावला की ते स्वतःचं एक वायफाय सुरू करतं. फोनने त्याला जोडायचं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाकायचं (आकडे इंग्रजीत), मग घरच्या वायफायचं नाव-पासवर्ड, पूलचा पत्ता, पोर्ट आणि तुमचा बिटकॉइन ॲड्रेस भरून सेव्ह आणि रीस्टार्ट. पाच मिनिटांचं काम.

आणि याच पाच मिनिटांत लोक दोन-दोन तास अडकतात. फोन म्हणतो 'या वायफायवर इंटरनेट नाही' आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो, पान उघडत नाही. डेटा बंद करा. घरचं वायफाय दिसत नाही? बिटॲक्सला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं, पाचवालं नाही. हल्लीचे राउटर दोन्ही एकाच नावाने दाखवतात आणि गोंधळ होतो, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या. पूलच्या रकान्यात नुसता पत्ता लिहायचा, पुढे 'स्ट्रॅटम' वगैरे काही जोडायचं नाही आणि पोर्ट त्याच्या वेगळ्या रकान्यात. युजर म्हणजे तुमचा ॲड्रेस. तो हाताने टाइप करू नका, कॉपी-पेस्ट करा, मग पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं डोळ्यांनी जुळवा.

पॉवरबद्दल मात्र कान देऊन ऐका. गॅमाला पाच व्होल्ट लागतात. आपल्या घरातल्या राउटरचा ॲडॉप्टर बहुतेक वेळा बारा व्होल्टचा असतो आणि त्याची पिन यात अगदी फिट्ट बसते. बसली म्हणून लावली की चिप जळाली. हे इतक्या लोकांचं झालंय की मी तर ॲडॉप्टरवर मार्करने लिहून ठेवायचा सल्ला देते. साफसफाईला येणाऱ्या मावशी किंवा रूममेट प्लग उलटसुलट लावतात, त्यात त्यांची काय चूक? दुसरं, त्यावर जो यूएसबी-सी पोर्ट दिसतो तो सॉफ्टवेअर टाकण्यासाठी असतो. मोबाइलचा चार्जर लावून मायनिंग होत नाही.

मशीन दर थोड्या वेळाने आपोआप रीस्टार्ट होतंय? दहातल्या आठ वेळा ॲडॉप्टर अशक्त असतो. डॅशबोर्डवर इनपुट व्होल्टेज दिसतं, ते पाचच्या बरंच खाली घसरत असेल तर चांगला, किमान चार अँपिअरचा, शक्यतो त्याहून दणकट पाच व्होल्टचा ॲडॉप्टर घ्या. तापमान वाढतंय? चिप साठच्या आसपास असेल तर निवांत राहा, सत्तरच्या वर जायला लागली तर पंखा फिरतोय का आणि मागे भिंत चिकटलेली नाही ना ते बघा. फार तापलं की मशीन स्वतःच काम थांबवतं. बाहेर चाळीस अंश असताना घरात दिवसभर एसी बंद असतो, त्यामुळे उन्हाळ्यात फ्रिक्वेन्सी एक पायरी खाली आणून ठेवा. इंटरनेटवरचे उत्साही लोक ती वाढवायला सांगतील. त्यांच्या बाल्कनीत बर्फ पडतो.

पूलच्या पानावर आकडा कधी ०.८, कधी १.६ दिसतो म्हणून मशीन उघडून बसू नका. पूल तुमच्याकडून येणाऱ्या उत्तरांवरून अंदाज बांधतो, तो हलणारच. चोवीस तासांची सरासरी बघा. रिजेक्ट झालेले शेअर्स सारखे वाढत असतील, तर मात्र वायफायचा सिग्नल तपासा.

पूल कुठला? साध्या पूलमध्ये सगळ्यांची कमाई वाटून घेतात, तुमच्या वाट्याला ते ५४ सातोशी. किमान पेआउट काही हजार सातोशींचं असेल, तर पहिली कमाई हातात यायला महिने लागतील. म्हणून बहुतेक बिटॲक्सवाले सोलो खेळतात. सोलो सीके-पूल हा त्यातला जुना ठिकाणा, लागलं तर दोन टक्के फी, नाहीतर फुकट. तो बनवणारा कॉन कोलिव्हास हा ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ डॉक्टर आहे. पेशंटला झोपवणाऱ्या माणसाने जगभरातल्या हौशी लोकांची झोप उडवली, काय योगायोग!

सोलोत लागण्याची शक्यता किती? आपल्या गृहीतकांवर एका गॅमाला सरासरी सोळा हजार वर्षांत एक ब्लॉक. दिवाळी बंपरचं तिकीट रोज काढल्यासारखं आहे, फक्त तिकीट पाच रुपयांचं. २०२४ आणि २०२५ मध्ये बिटॲक्सवाल्यांना खरोखर ब्लॉक लागल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यामुळे अशक्य नाही. पण त्या बातमीवर ईएमआय काढून दहा मशीन्स घेऊ नका. दहा मशीन्स म्हणजे सोळाशे वर्षं! डॅशबोर्डवर 'बेस्ट डिफिकल्टी' नावाचा आकडा असतो, तुमचा आजवरचा सगळ्यात जवळचा नेम. तो लाखांवरून कोटींवर, कोटींवरून अब्जांवर गेला की उगाच छाती फुगते. २०२५ मध्ये ब्लॉक लागायला शंभर ट्रिलियनच्या वर जावं लागत होतं. मी हा आकडा रोज सकाळी दात घासताना बघते, क्रिकेटच्या स्कोअरसारखा.

ॲड्रेस स्वतःच्या वॉलेटचा द्या, एक्स्चेंजचा नको. वॉलेटचे बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहा, दोन ठिकाणी ठेवा. फोटो काढून गॅलरीत ठेवले, तर ते शब्द क्लाउडवर गेलेच म्हणून समजा. घरात कोणाला तरी, आईला, बायकोला, नवऱ्याला, तो कागद कशाचा आहे ते सांगून ठेवा. सोळा हजार वर्षांतला तो एक दिवस उद्याच उगवला आणि आईने रद्दीत कागद दिला, तर?

अजून एक. बिटॲक्सच्या सेटिंगच्या पानाला सहसा पासवर्ड नसतो. तुमच्या वायफायवर असलेला कोणीही ते उघडून ॲड्रेस बदलू शकतो. पाच जणांचा फ्लॅट असेल किंवा पाहुण्यांना सर्रास वायफाय देत असाल, तर महिन्यातून एकदा ॲड्रेस तपासा. पावसाळ्यात लाइट जाते-येते तेव्हा, आणि चार दिवस गावाला जाताना, प्लग काढून ठेवा. लाइट परत येतानाचा झटका ॲडॉप्टर मारतो, खिडकीतून येणारी दमट हवा बाकीचं काम करते.

आणि कंटाळा आला, विकायचं ठरलं, तर देण्याआधी वायफायचा पासवर्ड आणि ॲड्रेस दोन्ही पुसा. पासवर्ड तुमच्यासाठी. ॲड्रेस घेणाऱ्यासाठी, नाहीतर तो बिचारा वर्षभर त्याच्या विजेवर तुमचं तिकीट काढत बसेल.